पेडेस्ट्रियन म्हणजे पादचारी नव्हे

मागच्या महिन्यात जीआरई, म्हणजे परदेशात एमएसला जायला लागणारी प्रवेशपरीक्षा, देऊन झाली आणि तेव्हापासून तीन ज्युनिअर पोरी आणि एक मावसबहीण एवढ्यांनी विचारून झालं की व्हर्बलचं, म्हणजे त्यातल्या इंग्रजीच्या भागाचं, काय केलंस, क्लास कुठला, पुस्तक कुठलं, शब्द किती पाठ केलेस. प्रत्येकीला तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून इथे एकदाच लिहून टाकते. आधीच सांगते, माझा स्कोअर काही लई भारी नाहीये. क्वांट म्हणजे गणिताला १६५, व्हर्बल १५४, निबंधाला ४. पण पहिल्या मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, व्हर्बल १४१ आलं होतं आणि तिथून १५४ पर्यंत कशी आले एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे. ज्यांचं पहिल्या दिवसापासून १६० आहे त्यांनी हे वाचत बसू नये, चहा प्यावा.

मी तासगावकडची. दहावीपर्यंत मराठी शाळा, आठवीपासून सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीत. मग सिव्हिल, आणि आता पुण्यात एका कन्सल्टन्सीत ट्रॅफिक सर्व्हेचं काम. म्हणजे चौकात किती रिक्षा, किती टू-व्हीलर, किती बस, किती माणसं चालत गेली ते मोजायचं, शीटवर टाकायचं, रिपोर्ट बनवायचा. ट्रान्सपोर्टेशनमध्ये एमएस करायचं डोक्यात होतं म्हणून जीआरई. काही युनिव्हर्सिट्यांनी जीआरई ऑप्शनल केलीये हे मला माहितीये, पण माझे कॉलेजचे मार्क असे की कागदावर अजून एक काहीतरी बरं दिसलेलं चांगलं.

तर क्लास. एक क्लास लावला होता, नाव सांगत नाही, पैसे गेले ते गेले. पहिल्या दिवशी त्यांनी झेरॉक्सचा एक गठ्ठा हातात दिला, साडेतीन हजार शब्द, ए पासून झेड पर्यंत, आणि सांगितलं रोज पन्नास. त्या गठ्ठ्याच्या मागे अँटोनिम (विरुद्धार्थी शब्द) आणि ॲनालॉजी (सारखं नातं असलेल्या शब्दांच्या जोड्या) यांचे सराव प्रश्न होते. मी बिचारी दोन आठवडे ते सोडवत बसले आणि मग ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या वेबसाइटवर गेल्यावर कळलं की अँटोनिम आणि ॲनालॉजी हे प्रकारच ऑगस्ट २०११ पासून परीक्षेत नाहीत! तेव्हाच स्कोअरपण २००-८०० चा जाऊन १३०-१७० चा झाला. म्हणजे तो गठ्ठा मी पाचवी-सहावीत असतानाच शिळा झालेला. आमचे एक लांबचे काका अजूनही विचारतात, "आठशेपैकी किती पडले?" त्यांचं ठीक आहे, ते पैसे घेत नाहीत.

पॅटर्न थोडक्यात सांगते कारण यूट्यूबवर जुने व्हिडिओ अजून फिरतायत. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झालीये, सगळी मिळून १ तास ५८ मिनिटं. आधी एक निबंध ३० मिनिटांचा. व्हर्बलचे दोन सेक्शन, पहिल्यात १२ प्रश्न १८ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २३ मिनिटांत. पहिला सेक्शन कसा गेला त्यावर दुसरा सोपा येणार का अवघड ते ठरतं. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, काहीही ठोका. पण गाळलेल्या जागांना अर्धे मार्कपण नाहीत. तीन गाळलेल्या जागा असल्या आणि दोन बरोबर एक चूक, तर शून्य. ठोकून तीनही बरोबर यायचा चान्स सत्तावीसात एक. मी ठोकले, एकदाही लागले नाहीत.

आता शब्द. शब्द लागतातच, कुणी कितीही म्हणो. मी शेवटी साडेतीन हजारांचा नाद सोडून हजारेक शब्दांवर आले आणि ते वहीत स्वतःच्या हातानं लिहिले, मराठी अर्थासकट. सगळे सांगतात की अर्थ इंग्रजीतच लिहा म्हणजे इंग्रजीत विचार करायची सवय लागते. मला ते जमलं नाही. एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दात लिहायचा आणि मग त्याचा अर्थ बघायचा, हे म्हणजे उंदराला मांजर साक्षी. मराठीत लिहिलं की लक्षात राहायचं. आणि मराठीत पाठांतराच्या युक्त्या काय मस्त बनतात! पेन्युरी म्हणजे कंगाली, "पै न उरी". ग्रिगेरियस म्हणजे माणसांत रमणारा, त्यात गर्दी बसलेलीच आहे. मॉरोज म्हणजे तुसडा, तोंड पाडून बसलेला, "मरू दे रोजचंच". गॅर्युलस म्हणजे बडबड्या, गाऱ्हाणी सांगत बसणारा. काही शब्द तर आपल्याच घरचे निघतात, पंडित, आणि जगरनॉट म्हणजे चक्क जगन्नाथ, पुरीचा रथ, वाटेत येईल ते चिरडत जाणारी ताकद असा इंग्रजांनी त्याचा अर्थ करून ठेवलाय. स्वतःचा देव परक्या वेशात समोर आल्यावर जरा चमत्कारिकच वाटलं मला.

ही वही मग पप्पांकडे गेली. पप्पा एसटीत कंडक्टर आहेत. मुक्कामाची गाडी असली की रात्री जेवण झाल्यावर त्यांना वेळच वेळ, म्हणून मी वहीची झेरॉक्स त्यांना दिली आणि रोज रात्री साडेनऊला फोन. ते स्पेलिंग वाचणार, मी अर्थ सांगणार. त्यांचं इंग्रजी तिकिटापुरतं, त्यामुळे उच्चार त्यांचे स्वतःचे. "ई, एन, ई, आर, व्ही, ए, टी, ई. काय गं हे, एनर्जीसारखं दिसतंय." मी म्हणलं तिथंच तर फसायला होतं पप्पा, एनर्व्हेट म्हणजे उलटं, अंगातली ताकद काढून घेणं. तर म्हणाले, "म्हणजे मे महिन्यातली दुपारची फेरी." बास, तो शब्द मी आयुष्यात विसरणार नाही.

पण गंमत अशी की दोन महिन्यांनी सातशे शब्द पाठ होते आणि स्कोअर १४१ वरून १४४. फक्त तीन! मी रडले, खरंच. रूममेटनं मिसळ खायला नेलं.

मग एका रविवारी बसून चुकलेले सगळे प्रश्न काढले आणि त्यात मला न येणारे शब्द किती ते मोजले, सर्व्हे करतो तसं. टॅली मार्क मारत. निम्म्याहून जास्त चुकांत मला सगळे शब्द येत होते! शब्द येत होते आणि तरी चुकलं होतं. त्यातली एक जात म्हणजे ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ. पेडेस्ट्रियन हा शब्द मी नोकरीत दिवसाला पन्नासदा लिहिते. पेडेस्ट्रियन काउंट, पेडेस्ट्रियन क्रॉसिंग. आणि जीआरईत एका लेखकाचं गद्य पेडेस्ट्रियन आहे असं आलं तर मी विचार करतेय की चालण्याबद्दल लिहितो वाटतं. तिथे त्याचा अर्थ रटाळ, सपक, काही दम नसलेलं. असे कितीतरी. चेक म्हणजे आवर घालणं. अरेस्ट म्हणजे थांबवणं. वॉन्ट म्हणजे अभाव. टेम्पर म्हणजे सौम्य करणं. फ्लॅग म्हणजे गळून जाणं. क्वालिफाइड कौतुक म्हणजे पात्र कौतुक नव्हे, हातचं राखून केलेलं कौतुक. डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला नाही तर निःपक्षपाती. ॲप्रोप्रिएट क्रियापद म्हणून आलं की योग्य वगैरे काही नाही, सरळ बळकावणं. वॅक्स म्हणजे मेण नाही, वाढणं, शुक्ल पक्षातल्या चंद्रासारखं. त्या साडेतीन हजारांच्या गठ्ठ्यात हे शब्द नव्हतेच, कारण ते सोपे ना! अवघड शब्दाला माणूस घाबरून तरी असतो, सोपा शब्द गळ्यात हात टाकून खिसा कापतो. मी अशांची वेगळी यादी केली, साधारण दीडशे निघाले, आणि माझ्या मते त्या दीडशेंनी हजारांपेक्षा जास्त मार्क दिले.

दुसरी जात जास्त खोल होती. वाक्यच कळत नव्हतं. शब्द न् शब्द येतोय, पण चार ओळींचं वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली. इथे मला आठवली आमची शाळेतली मराठीची बाई. वाक्य पृथक्करण! मुख्य वाक्य, गौण वाक्य, केवल, संयुक्त, मिश्र, ते सगळं आम्ही पाच मार्कांसाठी घोकायचो आणि शिव्या घालायचो. बाई म्हणायच्या आधी क्रियापद धर, त्याचा धातू काढ, त्याला "णारा" लाव आणि विचार कोण. पडणारा कोण? खाणारा कोण? आला कर्ता हातात. मी हेच इंग्रजी पॅसेजला लावलं. आणि अक्षरशः जादू नाही म्हणणार पण गाडी सुटली.

कारण काय होतं बघा. इंग्रजीत कर्ता आधी येतो, मग त्याला दॅट किंवा विच लावून एक भलीमोठी शेपटी, शेपटीत अजून एक शेपटी, मग दोन स्वल्पविरामांच्या मध्ये कुणाचं तरी मत, आणि मग कुठेतरी तिसऱ्या ओळीत खरं क्रियापद. तोवर आपण शेपटीतलं क्रियापद खरं धरून बसलेलो. आपण मराठीत असं बोलत नाही, आपण म्हणतो "जी थिअरी असं असं सांगते, ती आता मागे पडलीये". जो आणि तो, दोन खुंट्या ठोकलेल्या असतात, मधे कितीही दोरी वाळत घाला, कळतं की तो आला म्हणजे आता मुद्द्याचं. मग मी प्रत्येक लांब वाक्याला मनातल्या मनात जो-तो लावायला लागले. सुरुवातीला एका पॅसेजला दहा मिनिटं लागायची, ऑफिसच्या बसमध्ये मोबाइलवर वाचताना ओठ हलायचे, शेजारची बाई बघायची. दीड महिन्यानं ते आपोआप व्हायला लागलं.

तसंच जरी-तरीचं. आमच्या वर्गात निम्मी पोरं ऑल्दो लिहिलं की पुढे बट लिहायचीच, आणि इंग्रजीच्या मॅडम लाल शाईनं तो बट खोडायच्या. का खोडायच्या ते तेव्हा कुणीच सांगितलं नाही. आता कळलं. मराठीत जरी आला की तरी येणारच, जोडीनं फिरतात ते. इंग्रजीत ऑल्दो एकटाच येतो आणि दुसरी बाजू नुसत्या स्वल्पविरामावर सोडून देतात. आपला कान तरीची वाट बघत असतो, तो येत नाही, म्हणून आपण स्वतःचा बट आणून ठेवतो. गाळलेल्या जागांत हेच उलटं वापरायचं. ऑल्दो दिसला की स्वल्पविरामापाशी मनात "तरी" म्हणायचं, मग रिकाम्या जागेत काय दिशेचा शब्द हवा ते ऑप्शन न बघता आधीच कळतं. मी तर आधी मराठीत शब्द ठरवायचे, अगदी गावठी, "चिक्कू", "आगाऊ", "गुळमुळीत", आणि मग ऑप्शनमध्ये त्याच्या जवळचं कोण ते शोधायचे. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहातले दोन निवडायचे असतात जे वाक्याला एकच अर्थ देतील, तिथे हे फार कामाला आलं, कारण तिथे एकमेकांचे समानार्थी दिसणारे दोन शब्द मुद्दाम आमिष म्हणून ठेवलेले असतात आणि वाक्यात ते बसतच नाहीत. नुसती जोडी शोधणारा माणूस तिथे बरोबर अडकतो.

आणि ही बारकी पोरं, यांना विसरू नका: एनिथिंग बट म्हणजे मुळीच नाही, नथिंग बट म्हणजे फक्त तेवढंच, ऑल बट म्हणजे जवळजवळ. तिन्हीत बट आहे आणि तिन्हीचे अर्थ तीन दिशांना. ऑल बटवर मी किमान चार प्रश्न घालवले असतील. डबल निगेटिव्हचं मात्र मला कधी ओझं वाटलं नाही. "नॉट अनलाइक" वगैरे. "तो काही कमी नाही", "बरं नाही असं नाही" हे आपण चहा पिता पिता बोलतो.

रीडिंगबद्दल अजून एकच सांगते. व्हर्बलचे निम्मे प्रश्न पॅसेजवर असतात आणि पॅसेज कशावरही येतो, मधमाश्या, मध्ययुगीन व्यापार, कुठल्या तरी चित्रकाराची शैली. मला वाटायचं आपल्या विषयाचा आला तर मजा. एका सराव संचात खरंच आला, रस्ता रुंद केला की ट्रॅफिक कमी होण्याऐवजी वाढतं का, यावर. मी खूश! तीन प्रश्न, तिन्ही चूक. का? कारण मी पॅसेज वाचलाच नाही, मला जे माहिती होतं तेच उत्तरात शोधलं. लेखक म्हणत होता की काही ठिकाणी असं होतं आणि त्याचं कारण अजून पक्कं नाही. मी निवडलं की असं नेहमीच होतं. त्या दिवसापासून नियम केला, ज्या ऑप्शनमध्ये नेहमी, फक्त, सर्व असले शब्द दिसतील त्याच्याकडे पोलिसासारखं बघायचं आणि उत्तर पॅसेजमधल्या कुठल्या ओळीत आहे त्यावर बोट ठेवता आलं तरच ते निवडायचं. मधमाश्यांचे पॅसेज माझे कधी चुकले नाहीत. मधमाश्यांबद्दल मला काहीच माहिती नाही.

निबंधाचं जास्त नाही सांगत. विषयांची अख्खी यादी ईटीएसनं स्वतःच वेबसाइटवर टाकलीये, फुकट, ती नुसती वाचून काढली तरी भीती जाते. माझा प्रॉब्लेम वेगळा होता, मी मराठी शाळेतल्यासारखा निबंध लिहायचे. सुरुवातीला सुविचार, मधे "एका बाजूला असं, दुसऱ्या बाजूला तसं", शेवटी "म्हणूनच आपण सर्वांनी". रूममेटनं वाचून विचारलं, "पण तुझं म्हणणं काय आहे?" काहीच नव्हतं. मग ठरवलं की पहिल्या चार ओळींत बाजू घ्यायची आणि उदाहरणं आपल्याच कामातली द्यायची, कारण नेपोलियन आणि आइनस्टाइन सगळेच आणतात. मी पुण्याची बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी राखलेली लेन, आणली. २००६ मध्ये आपल्याकडे सुरू झाली, त्याआधी २००० मध्ये कोलंबियातल्या बोगोटात ट्रान्समिलेनियो सुरू झालेली, एकच कल्पना दोन शहरांत वेगळी का वागते यावर मी झोपेतपण अर्धा तास लिहू शकते. शहर, सरकार, तंत्रज्ञान, परंपरा, विषय कुठलाही येवो, माझी बस तिथे पोचायचीच. टायपिंगची मात्र सवय करा, स्पेलिंग चुकलं तर खाली लाल रेघ येत नाही तिथे.

मॉकचं एक. ईटीएसच्या पॉवरप्रेपच्या दोन मॉक फुकट मिळतात, खऱ्या परीक्षेच्या सगळ्यात जवळच्या त्याच. मी पहिली घाईघाईत सुरुवातीलाच देऊन टाकली, दुसरी मात्र जपून ठेवली आणि परीक्षेच्या बारा दिवस आधी दिली, व्हर्बल १५२. तेव्हा जरा झोप लागली.

परीक्षेच्या दिवशी खिसे तपासले, घड्याळ काढून ठेवायला लावलं, कच्च्या कामाला कागद दिले. शेजारचा मुलगा इतक्या जोरात टाइप करत होता की मला वाटलं हा कादंबरी लिहून जाणार. दुसरा व्हर्बल सेक्शन भयानक गेला, पॅसेज लांब, गाळलेल्या जागांत दोन शब्द आयुष्यात न पाहिलेले. मी मनात म्हणलं गेलं सगळं, फीचे २२ हजारांच्या वर पैसे गेले, आता एकवीस दिवस थांबून परत भरा. नंतर लक्षात आलं की अवघड आला म्हणजे पहिला बरा गेला असणार, पण तेव्हा एवढं कुणाला सुचतंय. शेवटी स्क्रीनवर विचारतात, स्कोअर रिपोर्ट करायचा का कॅन्सल. न बघताच ठरवायचं. माझा हात दोन सेकंद थांबला. मग रिपोर्ट दाबलं आणि १५४ दिसलं. निबंधाचा आकडा नंतर येतो.

बाहेर येऊन पहिला फोन आईला. आई म्हणाली, "पास झालीस ना?" मी म्हणलं आई यात पास-नापास नसतं. "मग कशाला दिलीस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून म्हणलं हो, झाले पास. मग तिनं शेजारच्या काकूंना हाक मारून सांगितलं आणि पुढचा पाऊण तास पेढे कुठले आणायचे, मावशीला आधी कळवायचं का आत्याला, अमेरिकेत थंडी किती असते, हे सगळं.

रात्री साडेनऊला पप्पांचा फोन आला, सवयीनं. मी म्हणलं पप्पा आता शब्द नाहीत, संपलं. "संपलं कसं, एस पर्यंतच आलोय आपण." मी म्हणलं बरं, विचारा. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "ते स्पार्टावाल्यांचा शब्द होता ना गं एक, कमी बोलणारे." तो मीच त्यांना गोष्टीसकट सांगितला होता, लॅकोनिया हा स्पार्टाचा मुलूख, मॅसेडोनियाच्या राजा फिलिपनं धमकी दिली की मी तुमच्या प्रदेशात शिरलो तर तुमची धूळधाण करीन, आणि यांनी उलट निरोप पाठवला एकाच शब्दाचा, "तर". मी म्हणलं लॅकॉनिक. "हां, लॅकॉनिक. मी मुक्कामावर आहे, पण घरी फोन केला तर मघापासून एंगेज. तुझी आई आज काय लॅकॉनिक नाही."

आता आयईएलटीएस, ती इंग्रजी येतं का बघायची परीक्षा, राहिलीये, त्यात समोर माणूस बसवून अकरा ते चौदा मिनिटं बोलायला लावतात. मी आईला पाठवायचा विचार करतेय.